चीनमधील अफू : स्वभाव की व्यापार?

एकोणिसाव्या शतकातील चीनविषयी वाचताना ‘अफूबाज चिनी’ हे वर्णन तुम्हाला वारंवार आढळेल. जणू व्यसन हा त्या लोकांचा स्वभावच होता. ते स्वीकारण्यापूर्वी अफू तेथे कशी पसरली, हे पाहणे आवश्यक आहे.

औषध म्हणून अफू चीनला शतकानुशतके परिचित होती. अतिसारावर ती पोटात घेत. पुढे ती तंबाखूत मिसळून ओढली जाऊ लागली, आणि कालांतराने तंबाखू गळून नळीत नुसती अफूच उरली. धुरावाटे नशा तत्काळ चढते, त्यामुळे सवयही लवकर जडते. राज्यकर्ते याबाबत गाफील नव्हते. १७२९ मध्येच योंगझेंग सम्राटाने ओढण्याच्या अफूच्या विक्रीवर बंदी घातली होती.

तरीही आयात वाढत गेली, याचे कारण चहात शोधावे लागते. ब्रिटिशांना चिनी चहा हवा होता. चीनला मात्र त्यांच्या मालाची फारशी गरज नव्हती. त्यामुळे किंमत चांदीत मोजावी लागे. ही चांदी वाचविण्याचा मार्ग अफूने दाखविला. १७७३ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने बंगालच्या अफूची मक्तेदारी घेतली. कंपनी कलकत्त्यात लिलाव करी आणि चीनच्या किनाऱ्यावर माल नेण्याचे काम खासगी व्यापारी करीत. बंदी मोडल्याचा ठपका त्यांच्यावर, उत्पन्न कंपनीकडे! माळव्याची अफू मुंबईहूनही जाई. ज्यांच्या नावाचे रुग्णालय आपण भायखळ्याला पाहतो, त्या सर जमशेटजी जीजीभाई यांच्या संपत्तीतही या व्यापाराचा मोठा वाटा होता.

१८३९ मध्ये लिन झेशू या अधिकाऱ्याने वीस हजारांहून अधिक पेट्या जप्त करून हूमेन येथे नष्ट केल्या. त्यातून युद्ध पेटले. १८४२ च्या नानजिंग तहाने हाँगकाँग ब्रिटिशांकडे गेले. दुसऱ्या युद्धाच्या काळात, १८५८ मध्ये, जकात ठरवून अफूची आयात कायदेशीर झाली.

येथून मात्र चित्र गुंतागुंतीचे होते. सिचुआन, युन्नान येथील शेतकरी खसखशीचे पीक घेऊ लागले आणि शतकाअखेरीस देशी अफू आयातीहून अधिक झाली. श्रीमंतांकडे ती पाहुणचाराचा भाग होती, तर हमाल अंगाचा शीण घालविण्यासाठी ती ओढीत. सारेच ओढणारे व्यसनी नव्हते, हेही ध्यानात घ्या. १९०६ मध्ये सम्राटाने दहा वर्षांत अफू संपविण्याचे फर्मान काढले; १९१३ मध्ये भारतातून होणारी निर्यात थांबली. परंतु पुढे प्रांतोप्रांतीच्या लष्करी सत्ताधीशांना अफूवरील कराचाच आधार वाटला. त्यामुळे शेतकऱ्यांकडून पुन्हा हेच पीक घेतले जाऊ लागले आणि अफूचे अड्डे १९५० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतच बंद झाले.