लाकडाच्या जत्रेत एक हौशी

जत्रा म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे पाळणे, खेळणी आणि मिठाईची दुकाने उभी राहतात. व्यवसायांच्याही जत्रा भरतात ही गोष्ट आपल्या खेड्यापाड्यांतील कारागिरांच्या कानी फारशी गेलेली नाही. जर्मनीतील हानोव्हर शहरी १९७५ सालापासून लाकूडकामाच्या यंत्रांची अशी एक मोठी जत्रा भरत आली आहे. आपल्या देशात तिची धाकटी बहीण शोभेल अशी जत्रा बेंगळुरूला भरते. तिचे नाव ‘इंडियावूड’. फेब्रुवारी २०२४ मध्ये तेथे दोन दिवस हिंडण्याचा योग मला आला.

मी सुतार नव्हे. सायंकाळी घटकाभर रंधा हाती घेऊन एखादे स्टूल, एखादी फडताळाची फळी नीट करणारा मी हौशी मनुष्य. माझ्यासवे आमच्या भागातील एक तरुण सुतार होता. वडिलांच्या पश्चात दुकान त्याच्या अंगावर पडलेले, घरात पाठची बहीण लग्नाची, आणि मनात एकच ध्यास की, कर्ज काढून मोठे यंत्र घ्यावयाचे. मी हौसेखातर आणि तो पोटाखातर, असे आम्ही दोघे बेळगावहून रात्रीच्या गाडीने निघालो. यशवंतपुरास उतरून मेट्रोने नागसंद्रा गाठले आणि तेथून रिक्षाने तुमकूर रस्त्यावरील प्रदर्शनस्थळी गेलो. (नोव्हेंबर २०२४ पासून मेट्रो पुढे मादावरापर्यंत जाते व ते स्थानक प्रदर्शनस्थळाच्या जवळच आहे. यापुढे जाणाऱ्यांस रिक्षावाल्याशी हुज्जत घालण्याचे कारण उरलेले नाही.)

आत पाऊल टाकताच मला पहिली गोष्ट जाणवली ती ही की, लाकडाच्या या जत्रेत लाकडाचा वास नव्हता. कापलेल्या सागाचा तेलकट दरवळ ज्याने एकदा घेतला आहे त्याला मी काय म्हणतो ते कळेल. येथे वास होता तो तापलेल्या सरसाचा आणि प्लॅस्टिकच्या पट्ट्यांचा. कारण उघड आहे. १९८८ च्या राष्ट्रीय वनधोरणाने कारखान्यांना लागणारे लाकूड जंगलातून न घेता शेतकऱ्यांकडून पिकवून घ्यावे असे सांगितले. पुढे १२ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन खटल्यात आदेश देऊन, मंजूर योजनेवाचून होणारी जंगलतोड थांबविली. जंगलासाठी हे आवश्यकच होते. परंतु तेव्हापासून सागाची फळी महागत गेली, आणि तिची जागा निलगिरी, पॉप्लर व रबराच्या म्हाताऱ्या झाडांपासून बनलेल्या प्लायवूडने, तसेच लाकडाचा तंतू तंतू सोडवून व राळेत दाबून केलेल्या एम.डी.एफ.च्या तक्त्यांनी घेतली. आजचा सुतार फळीचा कमी आणि तक्त्याचा अधिक झाला आहे. जत्रेतील बहुतेक यंत्रे या तक्त्यांसाठीच होती.

त्यांत सरकत्या मेजाची करवत मला फार आवडली. बर्लिनच्या विल्हेल्म आल्टेनडॉर्फ नावाच्या कारागिराने १९०६ साली ती प्रथम बनविली. तक्ता मेजावर ठेवावा, मेज हलकेच पुढे ढकलावे, आणि भलामोठा तक्ता रेषेत कापला जावा! इतकी साधी युक्ती सुचावयास एक सुतारच लागला. संगणकाच्या हुकमाने नक्षी कोरणाऱ्या यंत्रांपुढे गर्दी खूप होती, पण तेथे मी फार वेळ थांबलो नाही. एकाच नक्षीचे शंभर दरवाजे पाहिले की नक्षीचा कंटाळा येतो.

हौशी माणसाला तेथे कोणी फारसे विचारत नाही, हेही सांगून टाकतो. प्रत्येक दालनात पहिला प्रश्न, “आपली कंपनी कोणती?” मी म्हणे, “कंपनी नाही, आवड आहे.” यावर तो गृहस्थ हसून मला एक माहितीपत्रक देई आणि माझ्या मागच्याकडे वळे. तथापि परदेशी लाकडाच्या एका दालनात मला एक छोटेसे उपकरण हाती धरून पाहावयास मिळाले. त्याच्या दोन सुया लाकडात टोचल्या की आत ओल किती ते आकड्यात दिसते. मृग लागला की आपल्या घरचा दरवाजा चौकटीत का अडकतो, याचे उत्तर त्या आकड्यात आहे. लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही, रुंदीत मात्र ओल पिऊन फुगते आणि वाळून आकसते. खोडाच्या वर्तुळांना लागून कापलेली फळी तर आडव्या किरणांच्या दिशेने कापलेल्या फळीच्या सुमारे दुप्पट हलते. साधारण १२ टक्के ओल उरेपर्यंत वाळविलेले लाकूड घराच्या आत बरे. ताजे कापलेले, वखारीतून आजच आणलेले लाकूड लगेच रंध्याखाली घालणारा सुतार पुढच्या वर्षीच्या तक्रारीच आज घडवीत असतो.

आता माझ्या सोबत्याविषयी. तक्त्याच्या कापलेल्या कडेवर प्लॅस्टिकची पट्टी चिकटविणाऱ्या एका यंत्रापुढे तो तासभर खिळून उभा होता. एका बाजूने तक्ता घालावा आणि दुसऱ्या बाजूने तो गुळगुळीत कडेसह बाहेर यावा, असे ते यंत्र. मिनिटाला १२ मीटर. “फादर, हाताने हेच काम करताना माझा दिवस जातो,” तो म्हणाला. मी त्याला विचारले, “एका स्वयंपाकघराच्या कपाटांना किती मीटर पट्टी लागते रे?” त्याने बोटांवर हिशेब केला व “सव्वाशेच्या आसपास” असे सांगितले. “आणि महिन्याला अशी किती स्वयंपाकघरे?” तो म्हणाला, “एक. दिवाळीच्या आधी दोन.” म्हणजे महिन्याचे काम चहा निवण्याच्या आत उरकणार आणि उरलेला महिनाभर यंत्र उभे राहणार. हप्ता मात्र उभा राहत नाही.

मी यंत्राच्या विरुद्ध नाही. ज्याच्यापाशी शहरातील दहा घरांचे काम आहे त्याने ते जरूर घ्यावे. कर्जाचीही सोय आहे. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या केंद्र शासनाच्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत सुतारांचा समावेश असून, हत्यारांसाठी १५,००० रुपये, आणि पाच टक्के व्याजाने पहिल्याने एक लाख व पुढे दोन लाखांपर्यंत कर्ज अशी तीत तरतूद आहे. परंतु कर्ज स्वस्त आहे म्हणून काम वाढते असे नव्हे.

दुसऱ्या दिवशी आम्ही धूळ ओढणाऱ्या यंत्रांच्या दालनात गेलो. तेथे गर्दी नव्हती, आणि मला त्याचे वाईट वाटले. इंग्लंडमध्ये हाय विकम हे खुर्च्या बनविण्यासाठी प्रसिद्ध असलेले गाव आहे. तेथील कान-नाक-घशाच्या शल्यचिकित्सक एस्मे हॅडफील्ड यांना नाकाच्या आतील एक अतिशय दुर्मीळ कर्करोग लाकूडकामगारांतच वारंवार दिसू लागला. १९६८ साली त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी ही गोष्ट ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये मांडली. पुढे १९९५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाची धूळ ही माणसाला कर्करोग करणारी वस्तू म्हणून जाहीर केली. एम.डी.एफ.ची धूळ तर पिठाहून बारीक, आणि त्यात राळेची भर. आपल्याकडे सुतार काय करतो? बंद खोलीत, तोंडाला रुमाल बांधून, दिवसभर पॉलिशकागद घाशीत बसतो. रुमालाने भुसा अडतो, ही धूळ अडत नाही.

त्याच दालनाजवळ करवतीच्या पात्यांचे दुकान होते. तेथील वयस्क मिस्त्रीने माझ्या सोबत्याचा डावा अंगठा पाहिला आणि काही न विचारता म्हणाला, “ग्राइंडर?” सोबत्याने मान हलविली. दगड-लोखंड घासण्याच्या हातग्राइंडरला लाकूड कापण्याचे पाते लावून काम भागविण्याची रीत आपल्या सर्व मुलखात पसरली आहे. मिनिटाला दहा हजारांहून अधिक फेरे घेणारे ते पाते लाकडात अडकले की यंत्र उसळून हातावर येते. त्याला तळाची पट्टी नाही आणि लाकडासाठी केलेले संरक्षणही नाही. “हे करू नका. लाकडाची करवत लाकडासाठी,” इतकेच तो मिस्त्री म्हणाला व दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.

ज्या घरी सुतारकामाकडे कल असलेला मुलगा आहे त्यांच्यासाठी एक माहिती. बेंगळुरूत मल्लेश्वरम येथे शासनाची काष्ठविज्ञान व तंत्रज्ञान संस्था आहे आणि तिच्या केंद्रात आधुनिक यंत्रांवर लाकूडकामाचे शिक्षण मिळते. यंत्र विकत घेण्यापूर्वी ते चालवून पाहावयाचे असेल, तर ही जागा विक्रेत्याच्या दालनापेक्षा बरी. आणखी एक. प्लायवूड घेताना दुकानदाराच्या ‘वॉटरप्रूफ’ या शब्दावर विसंबू नये, तक्त्यावरील शिक्का वाचावा. पाण्याजवळच्या कामासाठी आय.एस. ७१० असा शिक्का असलेला तक्ता घ्यावा. ‘एम.आर.’ असे लिहिलेला तक्ता दमट हवा सोसतो, भिजणे सोसत नाही.

जत्रेत किरकोळ विक्री फारशी होत नाही. म्हणून परतताना आम्ही शहरातील एस.पी. रोडच्या पेठेत शिरलो. माझ्या सोबत्याने हाताने चालवावयाची एक लहान गोल करवत, तिचे साठ दात्यांचे पाते, धूळ ओढणारा एक लहानसा पंप आणि मुखपट्ट्यांचा एक डबा घेतला. मोठ्या यंत्राचे माहितीपत्रक त्याने टाकून दिले नाही, घडी घालून खिशात ठेवले. गाडीत मला झोप लागली तेव्हा तो त्याच पत्रकाच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीने दुकानाची खिडकी काढीत होता. पंपाची नळी कोठून बाहेर न्यावी, याचा तो विचार करीत होता.