तारीख कोण ठरवतं?

गरोदरपणाच्या फाइलवर पहिल्याच भेटीत एक तारीख लिहिली जाते आणि पुढे सगळं घर त्या तारखेभोवती फिरू लागतं. डोहाळजेवण कधी करायचं, माहेरी कधी जायचं, रजा कधीपासून टाकायची, डिंकाचे लाडू कधी वळायला घ्यायचे, सगळं तिच्यावरून ठरतं. ती काढायची रीत सोपी आहे. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसात नऊ महिने आणि सात दिवस मिळवायचे, की झाले 280 दिवस. फ्रान्झ नेगेले या जर्मन डॉक्टरच्या नावाने हा हिशोब जगभर ओळखला जातो आणि तुमच्या गावातल्या दवाखान्यातही तोच वापरतात. पण नेमक्या त्या दिवशी जन्मणारी बाळं शंभरात चार-पाचच. बाकीची कुणी 38व्या आठवड्यात येतात, कुणी 41व्या. मग खरा दिवस कोण ठरवतं? आईचं शरीर, की अजून एकही श्वास न घेतलेलं आतलं बाळ?

या प्रश्नाचं पहिलं भक्कम उत्तर मेंढ्यांकडून मिळालं. न्यूझीलंडमधले स्त्रीरोगतज्ज्ञ ग्रॅहम लिगिन्स 1960च्या दशकात ऑकलंडमध्ये या कोड्याच्या मागे लागले होते. पोटातल्या कोकराच्या मेंदूच्या तळाशी पिट्युइटरी नावाची इवलीशी ग्रंथी असते, ती त्यांनी निकामी केली. मेंढीचे दिवस भरले, वरही गेले. कोकरू आत वाढतच राहिलं, पण कळा काही सुरू होईनात. मग त्यांनी उलट प्रयोग केला. कोकराला कॉर्टिसोल हे संप्रेरक दिलं, तर मेंढी दिवस भरण्याआधीच व्याली. आईच्या शरीरात कुणी काहीच बदललं नव्हतं. सुरुवात कोकराकडून झाली होती.

त्याच प्रयोगांत एक कोकरू इतक्या लवकर जन्मलं, की त्याने जगण्याचा प्रश्नच नव्हता. तरी ते श्वास घेत होतं. पुढे ते गेलं, पण लिगिन्स यांनी त्याची फुप्फुसं तपासली तेव्हा त्यांत हवा शिरलेली होती. त्या वयाच्या कोकराच्या फुप्फुसात हवा टिकायला नको होती. कॉर्टिसोलने फुप्फुसं वेळेआधी पिकवली होती! यातून लिगिन्स आणि बालरोगतज्ज्ञ रॉस हाउई यांनी 282 गरोदर स्त्रियांवर चाचणी केली आणि तिचे निष्कर्ष 1972 साली प्रसिद्ध झाले. आज कुणाला सातव्या महिन्यात कळा सुरू झाल्या, की डॉक्टर बाळाच्या फुप्फुसांसाठी म्हणून स्टेरॉइडची इंजेक्शनं देतात. आपल्या सरकारी रुग्णालयांतही ती मिळतात. त्या इंजेक्शनामागे हे कोकरू आहे.

फुप्फुसं पिकतात म्हणजे काय होतं, हे जरा जवळून बघू. फुप्फुसात कोट्यवधी बारीक फुगे असतात आणि त्यांच्या आतल्या भिंती ओल्या असतात. ओल्या प्लॅस्टिकच्या पिशवीच्या दोन बाजू जशा एकमेकींना चिकटून बसतात, तशा त्याही प्रत्येक उच्छ्वासानंतर चिकटल्या असत्या. त्या चिकटू नयेत म्हणून फुप्फुसाच्या पेशी एक स्निग्ध द्रव तयार करतात, सर्फॅक्टंट. अपुऱ्या दिवसांची बाळं श्वासासाठी का झगडतात, याचं कारण हा द्रव कमी असणं हे आहे, असं मेरी एलन एव्हरी यांनी 1959 साली दाखवून दिलं. आणि 2004 साली टेक्ससमधल्या कॅरोल मेंडेलसन यांच्या गटाला उंदरांमध्ये असं आढळलं, की याच द्रवातलं एक प्रथिन पिल्लाच्या फुप्फुसातून गर्भजलात उतरतं आणि आईच्या गर्भपिशवीला कळांसाठी जागं करतं. फुप्फुसं तयार झाली, की फुप्फुसंच तसा निरोप पाठवतात. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ नुसती बसून होते.

माणसाचा मामला मेंढी-उंदरांपेक्षा गुंतागुंतीचा आहे आणि त्याचा पूर्ण उलगडा अजून कुणालाच झालेला नाही. आपल्यात वारेचाही मोठा वाटा दिसतो. ऑस्ट्रेलियातल्या रॉजर स्मिथ यांच्या गटाने 1995 साली दाखवलं, की वार एक संप्रेरक रक्तात सोडते आणि त्याचं प्रमाण कसं वाढत जातं यावरून प्रसूती लवकर होणार की उशिरा, याचा माग चौथ्या-पाचव्या महिन्यातच लागू शकतो. म्हणजे बाळ, वार आणि आई असे तिघं मिळून दिवस ठरवत असावेत.

निरोप पोचला की गर्भपिशवीचा स्वभाव बदलतो. एरवी ती साठ-सत्तर ग्रॅमची असते. नवव्या महिन्यात तिचं वजन किलोभर होतं आणि इतके महिने ती मुद्दाम शांत ठेवलेली असते. तिच्या स्नायूंच्या पेशी एकेकट्या असतात, एक आखडली तरी शेजारणीला पत्ता नसतो. शेवटच्या दिवसांत या पेशींमध्ये सूक्ष्म मार्ग उघडतात, एकीचा विजेचा संदेश दुसरीला मिळू लागतो आणि सगळी पिशवी एकदम आवळते. हीच खरी कळ. त्याआधीच्या आठवड्यांत अधूनमधून पोट कडक होतं आणि सैल पडतं, त्या खोट्या कळा. खाली पिशवीचं घट्ट तोंड मऊ पडत, पातळ होत जातं. बाळाचं डोकं त्यावर दाबलं गेलं की मेंदूतून ऑक्सिटोसिन सुटतं, त्याने कळ वाढते, कळ वाढली की दाब वाढतो, दाबाने आणखी ऑक्सिटोसिन. कळा रात्री सुरू झालेल्या बायका जास्त भेटतात, हाही भास नाही. आपोआप सुरू होणारी बाळंतपणं खरोखरच रात्री आणि पहाटे जास्त होतात.

या कळांचा बाळाला त्रास होतो, असं आपल्याला वाटतं. पण त्या बाळाच्या उपयोगी पडतात. पोटात असताना बाळाची फुप्फुसं एका वेगळ्या, पाण्यासारख्या द्रवाने भरलेली असतात आणि तो द्रव फुप्फुसंच तयार करतात. कळा सुरू झाल्या की बाळाच्या रक्तात अ‍ॅड्रेनालिनसारख्या संप्रेरकांची लाट येते आणि द्रव सोडणाऱ्या त्याच पेशी तो शोषून घेऊ लागतात. जन्ममार्गात छाती दाबली गेल्याने पाणी बाहेर पडतं, असं पूर्वी मानत. त्याचा वाटा थोडा, खरं काम या पेशींचं. मग पहिला श्वास येतो, फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्या उघडतात आणि हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधली महिनोन्‌महिने उघडी असलेली झडप रक्ताच्या दाबाने मिटते. काही मिनिटांपूर्वी पाण्यात जगणारा जीव हवेत जगू लागतो.

हे कळलं की शेवटच्या महिन्यातल्या निर्णयांकडे वेगळ्या नजरेने बघता येतं. आपल्याकडे अगदी सर्रास होणारी एक गोष्ट घ्या. सिझर ठरलंच आहे, मग चांगला मुहूर्त बघून करू. पंचांग उघडतं, नक्षत्र निघतं आणि तो दिवस कधी कधी 37व्या आठवड्यात पडतो. डेन्मार्कमधल्या आरहूस शहरात 34 हजारांहून जास्त जन्मांचा अभ्यास झाला, तो 2008 साली प्रसिद्ध झाला. कळांआधी ठरवून केलेल्या सिझरमध्ये बाळाला श्वासाचा त्रास होण्याची शक्यता, नैसर्गिक प्रसूतीचं ठरलेल्या बाळांच्या तुलनेत 37व्या आठवड्यात सुमारे चौपट, 38व्यात तिप्पट आणि 39व्यात दुप्पट निघाली. दोन आठवड्यांत ही तफावत निम्म्यावर येते. 35व्या आठवड्यात बाळाच्या मेंदूचं वजन दिवस भरलेल्या बाळाच्या मेंदूच्या दोन तृतीयांशच असतं, म्हणजे शेवटचे आठवडे मेंदूच्या वाढीचेही असतात. ज्यांची श्रद्धा आहे त्यांनी मुहूर्त जरूर बघावा, पण 39 आठवडे पूर्ण झाल्यानंतरचाच बघावा. आईचा रक्तदाब, बाळाची खुंटलेली वाढ, खाली आलेली वार अशी वैद्यकीय कारणं असली तर गोष्ट वेगळी, तिथे डॉक्टर सांगतील तो दिवस.

इथे सोनोग्राफीबद्दल एक सांगायला हवं. प्रत्येक रिपोर्टवर वेगळी तारीख छापून येते आणि घरचे गोंधळतात. पहिल्या तीन महिन्यांतल्या सोनोग्राफीची तारीख सगळ्यांत भरवशाची. नवव्या महिन्यातली तारीख बाळाच्या आकारावरून काढलेली असते, ती दोन-तीन आठवड्यांनीही इकडेतिकडे होऊ शकते. आठवडे मोजताना पहिला रिपोर्ट हाताशी ठेवा.

मात्र वाट बघण्यालाही मर्यादा आहे. ‘आपोआप होईल तेव्हा होईल’ हे 41 आठवड्यांपर्यंत ठीक, त्यापुढे नाही. स्वीडनमध्ये 2,760 स्त्रियांच्या एका चाचणीत निम्म्या जणींना 41 आठवड्यांना कळा आणवल्या आणि बाकीच्यांनी 42 पर्यंत वाट बघायची असं ठरलं. थांबलेल्या गटात सहा बाळं दगावली, दुसऱ्या गटात एकही नाही. चाचणी मध्येच थांबवावी लागली. वार कायमची पुरत नाही. दिवस उलटले की डॉक्टर दाखल व्हायला सांगतात, त्यामागे हे आहे.

आणि ‘कळा आणवल्या की शेवटी सिझरच होतं’ ही समजूतही तपासून बघावी. अमेरिकेत सहा हजारांवर पहिलटकरणींची चाचणी झाली, तिचे निष्कर्ष 2018 साली आले. त्या सगळ्या कमी धोक्याच्या होत्या. 39व्या आठवड्यात कळा आणवलेल्यांत सिझर 18.6 टक्के, वाट बघणाऱ्यांत 22.2 टक्के. म्हणून सगळ्यांनी 39व्या आठवड्यात दाखल व्हावं असं मी म्हणणार नाही. पण हा पर्याय पुढे आला तर घाबरून नाकारण्यासारखा नाही.

सिझरबद्दल दोन टोकांची मतं ऐकू येतात आणि दोन्हींचा मला राग येतो. सिझर झालेल्या बाईला ‘तुला कळा कुठे सोसाव्या लागल्या’ असं म्हणणं क्रूरपणा आहे. अडलेल्या बाळंतिणी पूर्वी कशा जात, हे आजीच्या पिढीला विचारा. दुसऱ्या बाजूला 2019-21च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे आकडे बघा. देशात सरकारी रुग्णालयांतल्या जन्मांपैकी सुमारे 14 टक्के सिझर, खासगी रुग्णालयांत 47 टक्के. बायकांची शरीरं इमारत बदलली म्हणून बदलत नाहीत. खासगीत येणाऱ्यांचं वय, ऐपत, आवड यांचा फरक धरला तरी एवढं अंतर त्यातून भरून निघत नाही. म्हणून आठव्या महिन्यातच डॉक्टरांना मोकळेपणाने विचारा: सिझर कशामुळे लागेल? थांबलं तर काय होऊ शकतं? बाळ पायाळू असेल तर बाहेरून हाताने फिरवायचा प्रयत्न इथे होतो का? हा प्रयत्न साधारण निम्म्या वेळा यशस्वी होतो. आधीचं सिझर असेल तर यावेळी नॉर्मलला वाव आहे का? अशा प्रयत्न करणाऱ्यांतल्या बहुतेकींची प्रसूती नॉर्मल होते, फक्त जिथे तातडीने सिझर करता येईल अशा ठिकाणीच हा प्रयत्न करावा, कारण जुना टाका उसवण्याचा धोका थोडा असला तरी असतो.

‘तोंड उघडत नाही’ हे वाक्यही समजून घ्या. तासाला एक सेंटिमीटर हा जुना नियम. प्रत्येक बाईकडून तशी अपेक्षा धरणं बरोबर नाही आणि पाच सेंटिमीटरपर्यंतची वाटचाल खूप संथ असू शकते, असं जागतिक आरोग्य संघटनेने 2018 साली स्पष्ट केलं. आई आणि बाळ ठीक असतील तर धीर धरायला जागा असते.

दोन गोष्टींना तर पैसाही लागत नाही. पहिली, कळांच्या वेळी जवळ आपलं माणूस. सोबत कायम कुणी असलं तर सिझरची गरज कमी पडते, हे अनेक देशांतल्या चाचण्यांत दिसलं आहे. केंद्र सरकारने 2016 साली सरकारी रुग्णालयांतही अशा सोबतिणीला परवानगी दिली. आई, बहीण, जाऊ, कोण थांबणार हे आधीच ठरवा. दुसरी, नाळ कापायची घाई नको. जन्मानंतर एक ते तीन मिनिटं थांबलं तर वारेतलं ऐंशी ते शंभर मिलिलिटर रक्त बाळाकडे येतं. तीन किलोच्या बाळाच्या अंगात सगळं मिळून अडीचशेच्या आसपास असतं, त्यावरून हे किती मोलाचं ते कळेल. त्यातलं लोह पुढचे महिने पुरतं आणि आपल्या देशात पाच वर्षांखालच्या दर तीन मुलांपैकी दोघांना रक्तक्षय आहे.

सरकारी रुग्णालयात प्रसूती, सिझर, औषधं आणि जाण्यायेण्याची गाडी हे सगळं जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली मोफत आहे. 102 हा नंबर घरातल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये असू द्या आणि आशाताईंचाही.

शेवटी नववा लागलेल्या मैत्रिणींना एक कळकळीची विनंती. ‘दिवस भरत आले की बाळ हलायचं कमी होतं’ असं कुणी सांगितलं तर ते मानू नका. हालचालीची तऱ्हा बदलते, पण बाळ शेवटपर्यंत हलत राहतं. नेहमीपेक्षा कमी वाटलं, अंगावरून रक्त गेलं, पाणी गेलं, डोकं असह्य ठणकून डोळ्यांपुढे अंधारी आली, तर सकाळ व्हायची वाट बघू नका. कुणाची झोपमोड होईल याची काळजी करू नका. रात्री दोन वाजले असले तरी गाडी बोलवा आणि निघा.