गळा मिटून आणि गळा उघडून
गाणारे नट : लेखांक ६

मागच्या आठवड्यात जॉनी हॅलिडेवर लिहिले. त्यावर केळझरहून एका वाचकाचे पत्र आले : आपल्याकडचा जॉनी कोण? बालगंधर्व चालतील का?

नाही चालणार. संगीत नाटकातल्या नटाला गावेच लागे. तो त्याच्या नोकरीचाच भाग. हॅलिडे आधी गायक. 1960 पासून फ्रान्सला रॉकचे वेड लावणारा, 1966 च्या दौऱ्यात ज्याच्या आधी नवखा जिमी हेंड्रिक्स वाजवून गेला, असा. पडदा हे त्याचे दुसरे घर. त्या मापाचा माणूस शोधायला केळझरकरांना फार लांब जायला नको. वर्ध्याकडून नागपूरला जाणारा जो रस्ता त्यांच्या गावावरून जातो, त्याच्या टोकाशी तो वाढला. वसंतराव देशपांडे.

जन्म 1920 चा, मूर्तिजापूरचा. गाण्याचे पहिले धडे नागपुरात शंकरराव सप्रे यांच्याकडे. पुढे लाहोरला असद अली खाँ यांच्याकडून मारवा. त्याआधीच, 1935 साली, भालजी पेंढारकरांच्या ‘कालियामर्दन’मध्ये हा पोरगा कृष्ण झाला होता. मग मात्र कितीतरी वर्षे लष्कराच्या हिशेब खात्यातली कारकुनी. गवई म्हणून दबदबा होता, पण पोट खर्डेघाशीवर. आपल्याकडच्या कलावंताचे हे नेहमीचेच.

1967 मध्ये ‘कट्यार काळजात घुसली’ आले. लेखक पुरुषोत्तम दारव्हेकर, तेही नागपूरचे. संगीत जितेंद्र अभिषेकींचे. खाँसाहेब आफताब हुसेन ही भूमिका वसंतरावांची. या नाटकात गाणे हे विसाव्याचे ठिकाण नाही. भांडणच गाण्याचे आहे. दोन घराण्यांची चुरस, गर्व, हेवा, शेवटी मनाचा पालट, सगळे तानेतून कळायला हवे. नुसता गोड गळ्याचा नट तिथे उघडा पडला असता आणि नुसता गवई अवघडून उभा राहिला असता. वसंतरावांची तान मुळातच तिरपी, अंगावर येणारी. मैफलीत कर्मठ श्रोते जिला नाके मुरडत, तीच इथे खाँसाहेबांचा स्वभाव झाली. माझ्या मते त्यांनी अभिनय वेगळा शिकलाच नाही; गाण्यात होता तोच रंगमंचावर आणला.

हॅलिडेचे नेमके उलटे झाले. गोदारसारख्या दिग्दर्शकाने 1985 मध्ये त्याला घेतले, तरी नट म्हणून खरी दाद मिळाली ती 2002 च्या ‘लॉम द्यू त्रँ’ला. पात्रीस लकाँतच्या या चित्रपटात तो बँक लुटायला आलेला थकलेला दरोडेखोर आहे आणि समोर झाँ रोशफोर निवृत्त शिक्षक. दोघांनाही एकमेकांच्या आयुष्याचा मोह. स्टेडियम हलवणारा हा माणूस इथे चार शब्दांत बोलतो, गप्प बसतो. त्याचे नट असणे लोकांना पटले ते त्याने गायक बाजूला ठेवला तेव्हा.

‘कट्यार’चा चित्रपट 2015 मध्ये आला. त्यात खाँसाहेबांचा चेहरा सचिन पिळगावकरांचा आणि गळा राहुल देशपांडे यांचा, म्हणजे वसंतरावांच्या नातवाचा. एका माणसाने केलेले काम दोघांत वाटावे लागले. मग 2022 च्या ‘मी वसंतराव’मध्ये राहुल यांनी आजोबांची भूमिकाही केली आणि गायलेही तेच.

पुढच्या आठवड्यात दीनानाथ मंगेशकर आणि बळवंत संगीत मंडळी.