मोठ्या अल्टरनेटरने गाडीची ओढ कमी होते का?

महाडहून पाचाडला यायचे म्हणजे कोंझरचा घाट आलाच. खताच्या गोण्या भरलेली पिकअप इथे खालच्या गिअरवर येते आणि गाडीत चर्चा सुरू होते. एक म्हणतो, ‘मोठा अल्टरनेटर बसवलास ना, तोच ताकद खातोय.’ दुसरा म्हणतो, ‘इंजिन फिरतेच आहे, वीज फुकटच मिळते की!’ या दोन्ही समजुतींपायी पैसे जातात, म्हणून हा विषय घेतला आहे.

अल्टरनेटर (जुनी माणसे त्याला अजून डायनामोच म्हणतात) इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतो. घरातले जाते आठवा. रिकामे जाते एका हाताने फिरते, मूठभर नाचणी टाकली की जड लागते. दिवे बंद आहेत, बॅटरी भरलेली आहे, तेव्हा अल्टरनेटर जवळजवळ रिकामाच फिरतो. दिवे लावले की त्याच्या आतले चुंबकत्व वाढते आणि फिरवायला इंजिनाला जोर लावावा लागतो. म्हणजे ताकद जाते ती दिव्यांपायी. मोठी कणगी आणली म्हणून घरात भात जास्त शिजत नाही, तसे १२० अँपिअरचा अल्टरनेटर बसवला तरी तुमचे दिवे ३० अँपिअरच घेत असतील, तर तो ३० अँपिअरपुरतीच ताकद घेतो.

आता हिशेब मांडू. पुढचे दोन दिवे, वर ५५ वॅटचे चार हॅलोजन आणि किरकोळ धरून सुमारे ४०० वॅट होतात. साध्या अल्टरनेटरला मिळालेल्या ताकदीपैकी जेमतेम ५५ ते ६० टक्क्यांचीच वीज होते, बाकी उष्णता होऊन जाते. म्हणजे इंजिनाकडून सुमारे ७०० वॅट घ्यावे लागतात. एक अश्वशक्ती ७४६ वॅटची, तेव्हा हे काम एका अश्वशक्तीच्या आतले झाले. ७० अश्वशक्तीच्या पिकअपला घाटात हे जाणवणारही नाही. तरीही गाडी दम टाकत असेल, तर आधी एअर फिल्टर, डिझेल फिल्टर, क्लच पाहा. आणि गोण्या मोजा.

पण तोच १२० अँपिअरचा अल्टरनेटर पूर्ण भाराने चालला तर? १४ व्होल्ट गुणिले १२० म्हणजे १६८० वॅट. त्यासाठी इंजिनाचे सुमारे ३००० वॅट, म्हणजे चार अश्वशक्ती लागतात. ३५ अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरचा हा नववा हिस्सा झाला. चिखलणीत रोटाव्हेटर लावलेला असताना तो नक्की जाणवतो. पॉवर टिलरवर तर असले धाडस करूच नये, बारा अश्वशक्तीतले चार गेल्यावर मशागतीला उरले काय?

आणखी एक गोष्ट दुकानदार सांगत नाही. पाटीवर लिहिलेले अँपिअर अल्टरनेटर जोरात फिरला तरच मिळतात, साधारण मिनिटाला ६००० फेऱ्यांच्या आसपास. मोटारीचे इंजिन वेगाने फिरते, तिथे ते जमते. ट्रॅक्टरचे इंजिन २००० ते २२०० फेऱ्यांचे. पुलीमुळे अल्टरनेटर त्याच्या दुप्पट-अडीचपट फिरला तरी पाटीवरचा आकडा पुरा होत नाही. स्लोवर उभ्या गाडीत तर निम्मीही वीज निघत नाही. मग भंगारबाजारातून मोटारीचा मोठा अल्टरनेटर आणून ट्रॅक्टरला लावायचा कशाला? भंगारातला माल घ्याल तेव्हा आधी हाताने फिरवून पाहा. २२ जुलै २०२१ च्या महापुरात महाडमध्ये कितीतरी गाड्या पाण्याखाली गेल्या. पाणी शिरलेल्या अल्टरनेटरचे बेअरिंग गंजते, खरखरते, आणि मग तो दिवे बंद असतानाही इंजिनाला ओढून धरतो.

‘फुकट वीज’ किती फुकट, तेही पाहू. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर आपल्या जिल्ह्यात कित्येक गावे दिवसेंदिवस अंधारात होती. अशा वेळी गाडीवर मोबाइल चार्ज करणे, एखादा दिवा लावणे समजू शकते. पण इन्व्हर्टर जोडून घर चालवायचे म्हटले, तर एक युनिट विजेला साधारण ६०० मिली डिझेल जळते. इंजिन नुसते चालू ठेवायला लागते ते वेगळेच. आजचा भाव लावून पाहा आणि वीजबिलाशी ताडून बघा. ग्रामसेवक व सरपंच मंडळींनीही टँकरवर सर्चलाइट, कर्णा वगैरे चढवताना हा हिशेब करावा. हॅलोजन काढून एलईडी दिवे लावले तर तेवढ्याच उजेडाला फार कमी वीज लागते, अल्टरनेटर बदलण्याचा प्रश्नच येत नाही. फक्त दिव्याचा झोत खाली ठेवा. घाटात समोरच्याचे डोळे दिपले तर काय होईल, हे आंबेनळीत गाडी चालवणाऱ्यांना सांगायला नको.

मोठ्या अल्टरनेटरची खरोखर गरज आहे का, हे घरीच कळते. वायरमनकडून मीटर घ्या. इंजिन चालू करून रेस थोडी वाढवा, सगळे दिवे लावा आणि बॅटरीच्या दोन टोकांवर व्होल्ट बघा. १३.५ च्या वर दाखवत असेल तर आहे तोच अल्टरनेटर पुरेसा आहे. त्याहून खाली जात असेल तर आधी पट्टा तपासा. पावसात पट्टा किंचाळतो, काळी पूड पडते, म्हणजे तो घसरतो आहे. पण म्हणून तो ताणून ताणून बसवू नका. बऱ्याच गाड्यांत याच पट्ट्यावर पाण्याचा पंप असतो, जास्त ताणाने त्याचे बेअरिंग जाते. आणि पट्टा भर घाटात तुटला तर चार्जिंगबरोबर पंपही थांबतो, गाडी उकळू लागते. जास्तीचा एक पट्टा सीटखाली ठेवावा.

इतके करूनही मोठा अल्टरनेटर लावायचाच असेल, तर मेस्त्रीला बॅटरीपर्यंतची वायरही जाड घालायला सांगा आणि मध्ये फ्यूज बसवून घ्या. ४० अँपिअरच्या जुन्या वायरीतून १०० अँपिअर नेले तर ती तापून पेट घेऊ शकते.