चित्रकलेची घरबसल्या शिकवणी : निवड कशी करावी?



पन्नाशी ओलांडलेले गृहस्थ "आता चित्र काढावयास शिकावे म्हणतो" असे बोलू लागले, की त्यांचे पुढचे वाक्य बहुधा ठरलेले असते : "पण आमचा हातच चांगला नाही." शाळेत कोणीतरी दिलेला हा निकाल ते जन्मभर वागवीत असतात. आज मोबाईलच्या पडद्यावर चित्रकलेच्या शिकवण्या घरोघर येऊन पोहोचल्या आहेत. त्यांतली निवड चुकली म्हणजे पैसे जातात, हे खरेच. परंतु त्याहून मोठी हानी ही, की तो जुना निकाल कायम होऊन बसतो.

दुरून शिकणे ही काही नवलाची गोष्ट नव्हे. व्हिन्सेंट व्हॅन गॉग याने 1880 साली, वयाच्या 27 व्या वर्षी, चित्रकार व्हावयाचे ठरविले. बेल्जियमच्या कोळसाखाणींच्या मुलखात त्याच्याजवळ गुरू नव्हता. शार्ल बार्ग याने तयार केलेले चित्रपाठ मागवून तो त्यांवरून गिरवीत बसला. 1890 साली, मृत्यूला काही आठवडेच उरले असताना, त्याने तेच पाठ पुन्हा गिरविण्यासाठी भावाकडे मागितले होते.

यातून निवडीची पहिली कसोटी मिळते. शिक्षक किती सुरेख काढतो हे पाहू नये. तो आपल्याला काय काढावयास लावतो ते पाहावे. कुस्ती पाहून कोणी पहिलवान होत नाही.

दुसरी कसोटी क्रमाची. रेषा, आकार व प्रमाण. मग घन, दंडगोल, गोल. मग यथार्थदर्शन आणि छायाप्रकाश, अशी पायरी असावी. घरातला तांब्याच घ्या. त्याचे तोंड वाटोळे आहे हे आपणांस ठाऊक असते, परंतु समोरून पाहताना डोळ्यांस ते लंबवर्तुळ दिसते. नवशिक्या ठाऊक असलेले काढतो आणि चित्र फसते. दोष हाताचा नसून पाहण्याचा असतो. एलिमेंटरी परीक्षेला वस्तुचित्र असते ते याच पाहण्याच्या परीक्षेसाठी. जो वर्ग पहिल्याच दिवशी "दहा मिनिटांत देखणा चेहरा" शिकवू म्हणतो, तो ही पायरी गाळतो.

तिसरी कसोटी : आपले चित्र कोणी पाहणार आहे काय? चूक दाखविणारा नसेल, तर तीच चूक गिरवून पक्की होते. फी द्यावयाची ती मुख्यतः या तपासणीसाठी. नुसते धडे तर फुकटही मिळतात. 'ड्रॉ-अ-बॉक्स' या इंग्रजी पाठमालेचे धडे विनामूल्य आहेत. तिचा एक नियम मोठा शहाणपणाचा आहे : निम्मा वेळ अभ्यासाला, आणि निम्मा केवळ आनंदासाठी काढलेल्या चित्रांना द्यावा.

तेव्हा प्रथम एखादी फुकट पाठमाला महिनाभर नेटाने करावी. गोडी टिकली, तरच तपासणी असलेला वर्ग घ्यावा, आणि एका वेळी एकच. सामान म्हणाल, तर एचबी व टूबी पेन्सिल, खोडरबर आणि साधी वही पुरे.

एवढे मात्र आजच करावे. घरी गेल्यावर समोर तांब्या ठेवून त्याचे चित्र काढावे, खाली तारीख घालावी आणि वही मिटावी. तीन महिन्यांनी तोच तांब्या पुन्हा काढावा. शाळेतल्या त्या निकालाचा फेरविचार ही दोन चित्रेच करतील.