पिकअपच्या हौद्यावर उंची बदलणारा रॅक

पिकअप गाडीच्या हौद्यावरचा रॅक म्हणजे चार किंवा सहा उभे खांब, त्यांना जोडणाऱ्या दोन लांब दांड्या आणि त्यांवर टाकलेल्या काही आडपट्ट्या. खांब एकात एक सरकणाऱ्या दोन चौकोनी पाइपांचे केले की रॅकची उंची मालाप्रमाणे कमी-जास्त करता येते. आडपट्ट्या बोल्टवर बसवल्या की त्यांतले अंतरही बदलते. यासाठी लागणारे सामान तालुक्याच्या गावातल्या लोखंडाच्या दुकानात मिळते आणि काम वेल्डिंगच्या साध्या वर्कशॉपमध्ये होते. कठीण भाग वेगळाच आहे. चालत्या गाडीवर उभी केलेली ही चौकट ब्रेक, वळण आणि खड्डे या तिन्ही गोष्टी सोसेल, अशी ती जमिनीवर असतानाच आखावी लागते.

बुलढाणा जिल्ह्यात अशा रॅकची गरज पिकांमुळे पडते. अजिंठ्याच्या डोंगररांगेने या जिल्ह्याच्या १३ तालुक्यांचे घाटावरचे आणि घाटाखालचे असे दोन भाग केले आहेत. चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेड राजा, देऊळगाव राजा वर; मलकापूर, नांदुरा, शेगाव, जळगाव जामोद खाली. एकाच गाडीला वर्षभरात सोयाबीनचे कट्टे, वेचणीचा कापूस, टोमॅटोचे क्रेट, हरभऱ्याच्या वेळी तुषार सिंचनाचे पाइप आणि उन्हाळ्यात कुटार वाहावे लागते. सोयाबीनचे कट्टे थोडक्या उंचीतच गाडीची वजनमर्यादा गाठतात. त्यांना रॅक नकोच असतो. कापूस हलका आणि फुगीर, त्यामुळे वजन भरण्याआधी हौदा भरतो आणि बाजूला उंच जाळी लागते. रोपवाटिकेतले ट्रे एकमेकांवर ठेवताच येत नाहीत. कायमची वेल्डिंग केलेली चौकट यांपैकी एखाद्याच कामाला नीट बसते आणि उरलेल्या महिन्यांत नुसते वजन म्हणून फिरते.

काढता-घालता येणाऱ्या चौकटीची कल्पना या भागाला नवी नाही. बैलबंडीच्या दोन्ही बाजूंना उभाऱ्या असत. त्या भोकांत बसवलेल्या असल्यामुळे काढता-घालता येत. कापसाच्या दिवसांत त्यांना तट्टे बांधले जात, कडब्याच्या वेळी दोर. बंडीचा वेग बैलाच्या चालीचा होता, म्हणून लाकडी उभारी आणि सुंभाची गाठ पुरत असे. २००५ साली टाटा एस बाजारात आली. लोकांनी तिला ‘छोटा हत्ती’ म्हटले, आणि बोलेरो पिकअपसारख्या गाड्यांबरोबर तिने खेड्यातली मालवाहतूक बदलून टाकली. काम तेच राहिले, वेग मात्र कितीतरी पटींनी वाढला. आणि वेग दुप्पट झाला की थांबताना जिरवावी लागणारी ऊर्जा चौपट होते. उभाऱ्यांची जुनी युक्ती लोखंडात आणताना हा फरक विसरून चालत नाही.

कामाची सुरुवात मापांपासून होते. टाटा एसचा हौदा साधारण २,२०० मिलिमीटर लांब आणि १,४९० रुंद आहे, फाळक्याची उंची सुमारे ३०० मिलिमीटर. मोठ्या पिकअपमध्ये हौदा ८ ते १० फुटांचा आणि सुमारे १,७०० मिलिमीटर रुंद असतो. ही मापे कागदावरून न घेता त्या-त्या गाडीवर टेप लावून घ्यावीत, आणि दोन्ही कर्णही मोजावेत. वापरलेल्या गाडीचा हौदा बरेचदा काटकोनात राहिलेला नसतो. फाळके उघडल्यावर ते कुठपर्यंत खाली येतात, कडीकोयंडे कुठे आहेत आणि केबिनच्या मागच्या काचेपासून किती जागा सोडायची, हेही आधी पाहावे लागते. फाळका उघडता आला नाही तर क्रेट चढवणाऱ्या माणसाच्या कंबरेला रोज त्याची किंमत मोजावी लागते.

खांबांसाठी पाइप निवडताना बाहेरच्या मापाइतकीच जाडी महत्त्वाची. ४० × ४० मिलिमीटरचा ३ मिलिमीटर जाडीचा चौकोनी पाइप घेतला तर आत ३४ मिलिमीटरची पोकळी राहते. तिच्यात ३२ × ३२ चा पाइप प्रत्येक बाजूला १ मिलिमीटर सैल बसतो, म्हणजे हाताने सरकतो आणि फार खडखडतही नाही. मोठ्या पाइपाच्या आत जोडाची उभी शिवण असते, तिच्याजवळ आतला पाइप अडकतो. त्यासाठी आतल्या पाइपाचा तेवढा कोपरा किंवा ती बाजू ग्राइंडरने किंचित घासतात. दुकानातच एक तुकडा दुसऱ्यात घालून पाहणे सर्वांत सोपे. याउलट ५० च्या २ मिलिमीटर जाडीच्या पाइपात ३८ चा पाइप घातला तर ८ मिलिमीटरची ढिलाई राहते आणि कच्च्या रस्त्यावर चार दिवसांत भोके लांबट होतात.

उंची पक्की करण्यासाठी दोन्ही पाइपांतून आरपार १२ मिलिमीटरची पिन घालतात आणि ती निसटू नये म्हणून टोकाला क्लिप लावतात. आतल्या पाइपाला दर ७५ मिलिमीटरवर भोक पुरेसे आहे. त्याहून जवळ भोके पाडली तर पाइप कमजोर होतो. भोके हाताच्या ड्रिलने अंदाजाने पाडू नयेत. एक पट्टी साचा म्हणून तयार करून सर्व खांब तिच्यावरूनच पाडले, तरच सगळे एका उंचीला जुळतात. वजन पिनने पेलायचे आणि हलणे थांबवायला वेगळा दाबबोल्ट द्यायचा, ही विभागणी फार उपयोगी ठरते: बाहेरच्या पाइपाला भोक पाडून त्यावर नट वेल्ड करतात आणि त्यातून बोल्ट आवळून आतला पाइप दाबून धरतात. रॅक पूर्ण वर केलेला असतानाही आतला पाइप निदान ३०० मिलिमीटर बाहेरच्या पाइपात राहिला पाहिजे. त्याची खूण रंगाने करून ठेवली की गाडी दुसऱ्याच्या हाती गेली तरी चूक होत नाही.

खांबाचा पाया हा सगळ्या रॅकचा जीव. खांब फाळक्याला बांधणे सोपे जाते आणि म्हणूनच तसे केलेले दिसते; पण फाळका बिजागरीवर फिरणारा पत्रा आहे, तो बाजूने आलेला जोर पेलण्यासाठी बनलेला नाही. जोर हौद्याच्या तळाखालच्या आडव्या आधारपट्ट्यांतून चेसिसकडे गेला पाहिजे. म्हणून प्रत्येक खांबाखाली ६ मिलिमीटर जाडीची, निदान १०० × १५० मिलिमीटरची प्लेट वेल्ड करतात, ती आडव्या आधारपट्टीच्या वर येईल अशी ठेवतात आणि तळाच्या पत्र्याखाली तशीच दुसरी प्लेट लावून १२ मिलिमीटरच्या, ८.८ ग्रेडच्या बोल्टांनी दोन्ही आवळतात. नट नायलॉक असावेत. चेसिसच्या मुख्य पट्ट्यांना मात्र भोक पाडू नये आणि वेल्डिंगही करू नये. तिथला तडा गाडीचे आयुष्य संपवतो. गाडीवरच काही वेल्डिंग करावे लागले तर बॅटरीची केबल आधी काढावी. एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ गाड्यांतली इलेक्ट्रॉनिक यंत्रणा वेल्डिंगच्या प्रवाहाने निकामी होऊ शकते.

तिरप्या टेक्यांविना असा रॅक अपुराच. वरच्या चौकटीवर २०० किलो माल आहे असे धरले आणि जोराने ब्रेक लागला, तर माल बांधण्याच्या युरोपीय मानकाप्रमाणे पुढच्या दिशेला वजनाच्या ०.८ पट, म्हणजे १६० किलोंइतका जोर धरावा लागतो. तो तळापासून १.२ मीटर उंचीवर लागत असेल, तर चार खांबांपैकी प्रत्येकाच्या पायाशी सुमारे ४८ किलोग्रॅम-मीटरचा वाकवणारा जोर येतो. पाइप तो सोसतो. पण प्लेट आणि पाइप यांच्यातली वेल्डिंग रोज थोडी-थोडी थकत जाते. दोन्ही बाजूंना खांबाच्या वरच्या भागापासून पुढच्या किंवा मागच्या पायापर्यंत एक तिरपी पट्टी बोल्टने जोडली की चौकटीचा त्रिकोण होतो आणि पायावरचा ताण एकदम उतरतो. उंची बदलली की टेक्याची लांबीही बदलावी लागते, म्हणून पट्टीला दोन-तीन भोके ठेवतात. दोन समोरासमोरच्या खांबांच्या वरच्या कोपऱ्यांत छोट्या त्रिकोणी पट्ट्या दिल्या तर बाजूचे डोलणेही थांबते.

वेल्डिंग २ ते ३ मिलिमीटरच्या पाइपाला करताना २.५ मिलिमीटरचा रॉड वापरावा. जाड रॉडने पाइपाला भोक पडते. गॅल्व्हनाइज्ड पाइप असेल तर जोडाजवळचा जस्ताचा थर आधी घासून काढणे गरजेचे आहे, कारण जस्ताचा धूर ताप आणतो आणि जोडही कच्चा राहतो. आधी सगळीकडे टाके मारून चौकट उभी करायची, कर्ण जुळवायचे आणि मगच पूर्ण शिवण भरायची. खांबाच्या तळाशी पाणी निघून जाण्यासाठी एक लहान भोक हवे. वरच्या टोकांना टोपी हवी. ही दोन कामे राहून गेली की पावसाळ्याचे पाणी पाइपात साठते आणि गंज आतून सुरू होतो, तो बाहेरून दिसत नाही.

आडपट्ट्यांसाठी सोलर पॅनेलच्या स्टँडला वापरतात तो सी आकाराचा चॅनल चांगला. त्याच्या फटीत नट सरकवून पट्टी हवी तिथे आवळता येते. घाटावरच्या देऊळगाव राजा भागात शेडनेटमधली भाजीपाला बीजोत्पादनाची शेती मोठी आहे. तिथे मिरची, टोमॅटोच्या रोपांचे ट्रे वाहताना अशा रॅकचे खरे मोल कळते. रोपांची उंची वाढली की दोन थरांतले अंतर वाढवायचे, लहान रोपे असतील तर एक थर जास्त बसवायचा. रोपांना वारा लागून ती सुकू नयेत म्हणून बाजूंना शेडनेट बांधतात. क्रेटसाठी मात्र थरांची गरज नसते. ६०० × ४०० मिलिमीटरचे क्रेट १० फुटी हौद्यात रुंदीला चार आणि लांबीला पाच असे एका थरात २० बसतात; प्रत्येकी २५ किलो धरले तर एका थराचे ५०० किलो होतात. इथे खांब आणि दांड्या फक्त कुंपणाचे काम करतात.

सहा खांबांचा, वर सांगितल्याप्रमाणे केलेला रॅक ७० ते ७५ किलोंचा होतो. ७५० किलो वाहणाऱ्या गाडीत हा दहावा भाग झाला, आणि तो मालातून वजा करावाच लागतो. लहान गाडीला चार खांब आणि पातळ आडपट्ट्या पुरेशा आहेत. उंचीचा हिशेब याहून गंभीर. गाडी आणि माल मिळून २,६०० किलो आहेत आणि त्यातला ३०० किलो माल १ मीटर वर चढवला, तर सगळ्याचा गुरुत्वमध्य सुमारे साडेअकरा सेंटीमीटर वर जातो. सपाट रस्त्यावर हे जाणवणार नाही. बुलढाण्याहून मलकापूरकडे उतरणाऱ्या राजूर घाटात किंवा खामगावच्या वाटेवरच्या बोथा घाटात, एकामागून एक येणाऱ्या वळणांवर, गाडी कलंडण्याची मर्यादा तेवढ्याने दहाव्या भागाहून जास्त घटते. म्हणून जड माल नेहमी तळाला, शक्यतो मागच्या चाकांच्या किंचित पुढे; वरच्या चौकटीवर हलकाच. दोर आणि बेल्ट रॅकच्या टोकांना न बांधता हौद्याखालच्या कड्यांना बांधावेत.

तुषार सिंचनाच्या ६ मीटर पाइपांचा प्रश्न रॅक सोडवत नाही, हे स्पष्ट समजून घेतलेले बरे. गाडी एकूण पाच-सव्वापाच मीटरची असेल तर पाइप मागे किंवा पुढे लोंबणारच, आणि रात्री मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराला ते टोक दिसत नाही. असे पाइप लांब हौद्याच्या ट्रकमधूनच न्यावेत.

कायद्याच्या बाजूने पाहता, मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी पुस्तकातल्या तपशिलाशी न जुळणारा बदल गाडीत करता येत नाही. वेल्डिंगने कायमचा उंच पिंजरा उभारण्यापेक्षा बोल्टवर बसणारा, काढता येणारा रॅक म्हणूनच बरा. तरीही तो करण्याआधी रेखाचित्र घेऊन परिवहन कार्यालयात विचारणे शहाणपणाचे आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवानगीबाहेरच्या बदलासाठी कलम १८२-अ मध्ये मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड सांगितला आहे. कलम १९४ प्रमाणे जादा वजनाला २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये. मर्यादेबाहेर बाजूला, पुढे, मागे किंवा उंचीत गेलेल्या मालालाही २०,००० रुपये. शेळ्या-मेंढ्या नेण्यासाठी हा रॅक चालत नाही. जनावरांच्या वाहतुकीचे नियम वेगळे आहेत: त्यात कायमचे कप्पे लागतात, प्रत्येक शेळीला ०.३ चौरस मीटर जागा द्यावी लागते आणि तशा गाडीतून दुसरा माल नेता येत नाही.

रंगाआधी गंज आणि वेल्डिंगचे खडे घासून रेडऑक्साइडचे दोन हात द्यावेत, मग एनॅमल. एकात एक सरकणाऱ्या भागाला रंगाऐवजी ग्रीस लावतात, कारण रंगाच्या थराने पाइप अडकतो. मागच्या कडांना लाल आणि पुढे पांढरी चमकपट्टी चिकटवावी. नवा रॅक बसवल्यावर पहिल्या शंभरेक किलोमीटरनंतर सगळे बोल्ट पुन्हा आवळावे लागतात, कारण तोपर्यंत प्लेटा तळाच्या पत्र्यावर दाबून बसलेल्या असतात. त्यानंतर दर हंगामाच्या सुरुवातीला पायाजवळची वेल्डिंग तारेच्या ब्रशने घासून तडे पाहावेत, लांबट झालेले पिनचे भोक आढळले तर तो आतला पाइप बदलावा आणि झिजलेली क्लिप नवी घालावी.