घरचा धर्म, कॉलेजचं ड्रॉइंग: कला शाखेचा फॉर्म भरण्याआधी हे वाचा

हेंद्रेपाड्यातून निघून बदलापूरला सीएसएमटी लोकल पकडली की थेट सर ज. जी. कला महाविद्यालयाच्या जवळ उतरता येतं. प्रवास सोपा आहे, पण घरात वेगळाच प्रश्न असतो: ‘तिथे उघडी शरीरं काढायला लावतात, ते आपल्यात चालतं का?’ काही घरांत तर माणसाचं चित्रच वर्ज्य.

अडचण नेमकी कुठे येते?
बीएफएच्या सीईटीत वस्तुचित्र, संकल्पचित्र आणि स्मरणचित्र असतं. स्मरणचित्रात माणसं येतातच. पुढे चित्रकला, शिल्पकलेत मॉडेल समोर बसवून अभ्यास होतो. १८५७ मध्ये सुरू झालेल्या ‘जेजे’मध्ये ग्लॅडस्टन सॉलोमन यांनी सुमारे शंभर वर्षांपूर्वी या अभ्यासाला बळ दिलं. रवी जाधव यांचा ‘न्यूड’ (२०१८) याच मॉडेल्सवर आहे.

हे अश्लील ठरतं का?
नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एफ. एन. सूझा आणि अकबर पदमसी यांची कस्टम्सने अडवलेली चित्रं सोडायला सांगितली. प्रत्येक नग्नचित्र अश्लील नसतं, असं न्यायालयाने स्पष्ट केलं. कुंभोजची बाहुबलींची २८ फुटी मूर्तीही दिगंबरच आहे.

श्रद्धेमुळे नकार देता येतो का?
राज्यघटनेचं कलम २५ सद्सद्विवेकाचं स्वातंत्र्य देतं. कलम २८(३) मान्यताप्राप्त संस्थेत धार्मिक शिक्षण किंवा उपासनेची सक्ती रोखतं, पण चित्रकलेचा तास म्हणजे उपासना नव्हे. १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळच्या तीन विद्यार्थ्यांना शाळेत परत घ्यायला लावलं. श्रद्धेमुळे ती राष्ट्रगीत गात नव्हती, पण आदराने उभी राहायची. तिथे प्रश्न शाळेतून काढण्याचा होता. न काढलेल्या चित्राचे गुण द्या, असं हा निकाल सांगत नाही.

मग मार्ग काय?
- प्रवेशाआधी चारही वर्षांचा अभ्यासक्रम वाचा, कुठला पेपर सक्तीचा ते बघा.
- उपयोजित कलेत जाहिरात, मांडणी, अक्षरांकनावर भर असतो. वस्त्रकला, सिरॅमिक यांचाही विचार करा.
- अडचण असल्यास विभागप्रमुखांना आधीच लेखी कळवा. कपड्यातलं मॉडेल किंवा पुतळ्यावरून अभ्यास चालेल का, ते विचारा. उत्तरही लेखी घ्या.
- घरच्यांना एकदा वार्षिक प्रदर्शन दाखवा.

परीक्षेच्या आदल्या रात्री घरात वाद होण्यापेक्षा फॉर्म भरतानाच हे बोलून घेतलेलं बरं. सीट गेली तर वर्ष जातं, आणि मन मारून काढलेलं चित्रही उमटत नाही.